हृदयातील भोवऱ्याचा शोध : सर थॉमस लुईस



पावसाळ्यात आपली तापी दुथडी भरून वाहू लागली म्हणजे पुलावर उभे राहून पाणी पाहणाऱ्यांची गर्दी जमते. त्या गढूळ लोंढ्यात, पुलाच्या खांबांपाशी, कधी कधी एखादा भोवरा दिसतो. सारी नदी समुद्राकडे धावत असते; तेवढे पाणी मात्र पुढे जाण्याचे विसरून स्वतःभोवतीच गरगर फिरत राहते आणि जवळून जाणारी पाने, काड्या, फेस यांना आपल्या फेऱ्यात ओढून घेते. माणसाच्या हृदयातही असा भोवरा उत्पन्न होऊ शकतो, तो पाण्याचा नसून विजेच्या लहरीचा असतो, आणि तो नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी एका मनुष्याने आपल्या उमेदीची पंधरा-सोळा वर्षे वेचली, असे सांगितले तर तुम्हांस नवल वाटेल. त्या मनुष्याचे नाव सर थॉमस लुईस. त्यांचे चरित्र आज आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

हे चरित्र लिहिण्याचे निमित्त आमच्याच शाळेत घडले. आम्ही भाषेचे शिक्षक. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे एके दिवशी त्यांचा तास आमच्याकडे आला. पाठ रक्ताभिसरणाचा होता. आम्ही मुलांना मनगटावर बोटे ठेवून आपापली नाडी मोजावयास लावली व घरी जाऊन वडीलधाऱ्यांचीही मोजून आणा, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी एक मुलगा कोरी वही घेऊन उभा राहिला. त्याच्या आजीची नाडी त्याला मोजताच आली नव्हती. दोन ठोके लागोपाठ येत, मग एक उशिरा येई, मग तीन घाईघाईने येत. त्यांत कसलाही ताल नव्हता. आम्हांस एकदम आमच्या आत्याबाईंची आठवण झाली. आमच्या कोकणी घरात हृदयाला काळीज असेच म्हणतात. आपले काळीज पाखरासारखे फडफडते, असे आत्याबाई वारंवार सांगत. वयोमानाने असे व्हावयाचेच, असे समजून आम्ही सारे स्वस्थ राहिलो. एके सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि वाचा बसली, ती पुन्हा परत आली नाही. म्हणून त्या मुलाच्या घरी आम्ही त्याच सायंकाळी गेलो व आजींस विनाविलंब डॉक्टरांकडे नेण्याविषयी विनविले. डॉक्टरांनी हृदयाचा विद्युत्-आलेख, म्हणजे ईसीजी, काढला आणि रोग ओळखून औषध सुरू केले. पुढे त्या मुलाने आम्हांस विचारले की, आजीच्या काळजातली ही गडबड नेमकी कोठे आहे? उत्तर शोधता शोधता आम्ही लुईस यांच्या चरित्रापर्यंत येऊन पोहोचलो.

थॉमस लुईस यांचा जन्म २६ डिसेंबर १८८१ रोजी ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, कार्डिफ शहराजवळ झाला. त्यांचे वडील हेन्री लुईस हे खाणींचे अभियंते होते. बालपणी थॉमस यांची प्रकृती नाजूक होती. त्यांना एका नामांकित शाळेत घातले खरे, परंतु आजारपणामुळे वर्षभरातच ती शाळा सोडावी लागली. त्यांचे बहुतेक शिक्षण घरीच, मातोश्रींच्या हाताखाली झाले. शेवटची दोन वर्षे तेवढी एका खासगी शिक्षकाने शिकविले. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी कार्डिफच्या कॉलेजात दाखल झाला व प्रथम वर्गात पदवीधर झाला. १९०२ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात वैद्यक शिकण्यास गेले. १९०५ मध्ये तेथे त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि पुढे आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या रुग्णालयाशी असलेला आपला संबंध त्यांनी सोडला नाही.

त्या काळी नाडीच्या विकारांविषयी वैद्यकाचे ज्ञान फारच तोकडे होते. या क्षेत्रातील एक मोठे जाणकार जेम्स मॅकेंझी हे होत. आपल्या सुरतेप्रमाणेच कापडाचा धंदा करणाऱ्या बर्न्ली नावाच्या गावी ते साधे कुटुंबवैद्य होते. मनगटाची नाडी व मानेतील शिरेचे स्पंदन ही दोन्ही एकाच कागदावर उतरवून घेणारे एक यंत्र त्यांनी सिद्ध केले होते. एका स्त्रीच्या अशा नोंदी ते वर्षानुवर्षे ठेवीत आले होते. तिच्या हृदयाची चाल एकाएकी बेताल झाली, तेव्हा मानेच्या नोंदीतील एक लाट साफ नाहीशी झाल्याचे त्यांच्या ध्यानी आले. ती लाट हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची होती. ते कप्पे लुळे पडले असावेत, असे मॅकेंझी यांस प्रथम वाटले. पुढे त्यांनी दुसरेही अनुमान बांधून पाहिले. खरे कारण मात्र हाती लागत नव्हते. १९०८ च्या सुमारास त्यांची व तरुण लुईस यांची गाठ पडली आणि हे कोडे लुईस यांच्या हाती आले.

येथे हृदयाची रचना थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. हृदयाचे कप्पे चार. वरचे दोन ते अलिंद व खालचे दोन ते निलय. उजव्या अलिंदात, जेथे वरची महाशीर येऊन मिळते तेथे, एक चिमुकली गाठ आहे. १९०७ साली आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी तिचा शोध लावला. निरोगी हृदयाचा प्रत्येक ठोका या गाठीतून निघतो. तेथून विजेची एक सूक्ष्म लहर दोन्ही अलिंदांवर पसरते, मग मधल्या एका अरुंद वाटेने खाली निलयांत उतरते, आणि त्या क्रमाने वरचे व खालचे कप्पे आकुंचन पावतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हे घडते.

ही लहर पाहावयाची कशी? ती दृष्टी देणारे यंत्र हॉलंडातील लायडन येथील प्राध्यापक विलेम आइंथोव्हेन यांनी निर्माण केले होते. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये त्यांनी चांदीचा मुलामा दिलेला, केसाहूनही बारीक असा क्वार्ट्झचा तंतू ताणून बसविला. हृदयाची वीज त्यातून गेली की तो तंतू थरथरे व त्याची सावली छायाचित्राच्या काचेवर उमटे. यंत्राने दोन खोल्या व्यापल्या होत्या आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्णास मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसावे लागे. रुग्णालय प्रयोगशाळेपासून सुमारे दीड किलोमीटर दूर होते, म्हणून आइंथोव्हेन यांनी टेलिफोनच्या तारेवरून रुग्णांच्या हृदयाची वीज प्रयोगशाळेत आणविली. या शोधाबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लुईस १९०६ पासूनच त्यांच्याशी पत्रव्यवहार करीत होते. यंत्र आइंथोव्हेन यांचे. परंतु रुग्णाच्या खाटेपाशी त्याचा उपयोग काय, हे लुईस यांनी जगास दाखवून दिले, आणि आइंथोव्हेन यांनीही हे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले.

१९०९ साली लुईस यांनी मॅकेंझींचे कोडे सोडविले. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पूर्ण बेताल नाडी असलेल्या रुग्णांचे आलेख त्यांनी काढले, तेव्हा निरोगी आलेखात प्रत्येक ठोक्याआधी दिसणारी अलिंदांची छोटी लाट त्यांत कोठेच नव्हती. तिच्या जागी सबंध रेषेवर बारीक, अनियमित थरथर होती. ही थरथर यंत्रातील दोष असेल काय? की हातापायांच्या स्नायूंची असेल? लुईस यांनी तारांची टोके छातीवर निरनिराळ्या जागी ठेवून पाहिली. उजव्या अलिंदाच्या नेमक्या वर ती ठेवताच थरथर सर्वांत मोठी उमटली. मग कुत्र्यांवरील प्रयोगांत अलिंद मुद्दाम कंपित करून आलेख काढला, तो रुग्णांच्या आलेखाशी तंतोतंत जुळला. पुढे बेताल नाडीच्या घोड्यांवरही त्यांनी हेच ताडून पाहिले. अलिंद लुळे पडलेले नव्हते. ते मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरत होते. मधली अरुंद वाट त्यांतील जितक्या लहरी खाली सोडी तितकेच ठोके मनगटाशी येत, आणि म्हणून त्यांत ताल नसे. व्हिएन्ना येथील रोथबर्गर व विंटरबर्ग हेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे याच निर्णयास आले. या विकारास डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण त्यास अलिंदकंप म्हणू. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून राहते, त्याची गुठळी होते व ती मेंदूत जाऊन अडकली तर माणसास पक्षाघात होतो. आमच्या आत्याबाईंवर आलेला प्रसंग बहुधा तोच होता, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

रोग ओळखला, परंतु लुईस यांचे समाधान झाले नाही. लहर कोठून निघते व कोणत्या वाटेने जाते, हा प्रश्न त्यांनी धरला. तारांची सूक्ष्म टोके प्रत्यक्ष अलिंदावर निरनिराळ्या ठिकाणी टेकवून, लहर तेथे कोणत्या क्षणी पोहोचते हे ते सेकंदाच्या हजारांश भागापर्यंत मोजीत. ज्या ठिकाणी ती सर्वांआधी येते ते तिचे उगमस्थान. अशा रीतीने १९१० मध्ये त्यांनी दाखविले की, निरोगी ठोका कीथ व फ्लॅक यांच्या गाठीपाशीच उगम पावतो. नदीच्या उगमाचा नकाशा काढावा तसा त्यांनी हृदयाच्या विजेचा नकाशा काढला. लहर अलिंदावर सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने पसरते, हेही त्यांनी मोजले. १९११ मध्ये हृदयाच्या ठोक्याच्या यंत्रणेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला; तो त्यांनी मॅकेंझी व आइंथोव्हेन या दोघांस अर्पण केला.

इतक्यात १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. धाप, धडधड व थकवा यांनी बेजार झालेले हजारो सैनिक हृदयविकारी म्हणून परत येऊ लागले. लुईस यांनी हॅम्पस्टेड व पुढे कोल्चेस्टर येथील लष्करी रुग्णालयांत त्यांची तपासणी केली व बहुतेकांच्या हृदयात दोष नाही, असे सिद्ध केले. अंथरुणावर पडून राहण्याऐवजी क्रमाक्रमाने वाढत जाणारी कवायत त्यांनी या सैनिकांस नेमून दिली, आणि जन्मभर रोगी म्हणून जगावे लागले असते असे कित्येक तरुण पुन्हा कामाला लागले. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले व १९२१ साली त्यांस सर ही पदवी मिळाली.

युद्ध संपताच ते आपल्या जुन्या प्रश्नाकडे वळले. अलिंदातील ही वेगवान लहर थांबत का नाही? या प्रश्नाची एक किल्ली अमेरिकेतील आल्फ्रेड मेयर यांस समुद्रातील जेलीफिशमध्ये सापडली होती. त्यांनी जेलीफिशच्या शरीराचे कडे कापून घेतले, तर त्यात सोडलेली लहर गोल गोल फिरतच राहिली. तरुण शास्त्रज्ञ जॉर्ज माइन्स यांनी १९१३ मध्ये हृदयाच्या स्नायूच्या कड्यातही हेच दाखविले. दुर्दैवाने हे माइन्स १९१४ मध्ये मॉन्ट्रियल येथे आपल्या प्रयोगशाळेतच निश्चेष्ट सापडले व वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी जगाचा निरोप घेऊन गेले. समजा, पटांगणावर तुम्ही गोल करून उभे आहात. एकाने टाळी दिली की पुढच्याने द्यावयाची. आणि टाळी दिल्यावर प्रत्येकाने क्षणभर हात खाली ठेवून विसावा घ्यावयाचा. गोल मोठा असेल, तर टाळी फिरून पहिल्याकडे येईतो त्याचा विसावा पुरा झालेला असतो व तो पुन्हा टाळी देतो. मग हा खेळ थांबतच नाही. गोल लहान असेल, तर पहिल्याचे हात अजून खालीच असतात आणि टाळी तेथेच विरते. हृदयाचा स्नायूही प्रत्येक लहरीनंतर असाच क्षणभर विसावा घेतो.

लुईस यांनी १९१८ ते १९२१ या काळात आपल्या सहकाऱ्यांसह कुत्र्यांच्या अलिंदावर ही फेरी शोधली. अलिंदकंपाचा एक भाऊबंद विकार आहे. त्यात अलिंद मिनिटाला सुमारे तीनशे वेळा, परंतु नियमितपणे फडफडतात. त्या विकारात लहर उजव्या अलिंदात येणाऱ्या महाशिरांच्या मुखांभोवती वर्तुळाकार फिरते, असे त्यांच्या मोजमापावरून दिसले. पुलाचा खांब मध्ये आणि भोवरा सभोवती, असाच तो देखावा! अलिंदकंपातही अशीच, परंतु अधिक आखूड व वेडीवाकडी वाट घेणारी एक मूळ लहर असावी व तिच्या उपलहरी सर्वत्र फुटत असाव्यात, असा सिद्धांत त्यांनी मांडला.

या सिद्धांताचा उपचाराशी लगेच संबंध जुळला. १९१२ च्या सुमारास एक डच व्यापारी हृदयतज्ज्ञ वेंकेबाख यांजकडे आला होता. आपल्या बेताल नाडीस तो हिवतापावरील कोयनेल घेऊन स्वतःच ताळ्यावर आणीत असे, व तसे त्याने करून दाखविले. १९१८ मध्ये वाल्टर फ्राय यांनी कोयनेलचेच भावंड जे क्विनिडीन, ते अधिक गुणकारी असल्याचे दाखविले. या औषधाने स्नायूचा विसावा लांबतो, हे लुईस यांनी मोजून पाहिले. विसावा लांबला म्हणजे फिरून आलेल्या लहरीस पुढची जागा अजून निजलेली आढळते व फेरी बंद पडते. परंतु त्यांच्या प्रामाणिक मोजमापात दुसरीही गोष्ट आढळली : त्याच औषधाने लहरीचा वेगही मंदावतो, आणि मंद लहर फेरी चालू राहण्यास साहाय्य करते. म्हणून कित्येकांस गुण येई, कित्येकांस येत नसे, आणि गुण आलेल्यांतही पुष्कळांचा विकार उलटे. आपल्या सिद्धांतास अडचणीची असलेली ही गोष्ट लुईस यांनी झाकून ठेवली नाही.

१९२५ च्या सुमारास, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी हे क्षेत्र सोडून त्वचेतील रक्तवाहिन्या व वेदना यांच्या अभ्यासास आरंभ केला. जवळजवळ त्याच काळात, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला. ते दिवसाला सत्तर सिगारेटी ओढीत असत! ज्याने जगाच्या हृदयांचे नकाशे काढले, त्याचे स्वतःच्या हृदयाकडे लक्ष नव्हते. तथापि तंबाखूने रक्तवाहिन्यांस अपाय होतो हे ओळखणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते, आणि ओळखल्यावर त्यांनी ते व्यसन सोडले. त्यानंतर ते सुमारे अठरा वर्षे जगले व अखेरपर्यंत काम करीत राहिले. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्यांना मिळाले. १७ मार्च १९४५ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, हृदयविकारानेच त्यांचे देहावसान झाले.

मग त्यांचे म्हणणे खरे ठरले काय? काही अंशी ठरले, काही अंशी नाही. फडफडीच्या विकारातील वर्तुळाकार फेरी पुढे खरी ठरली. तिची वाट मात्र त्यांनी सांगितली तशीच निघाली नाही. अलिंदकंपात एकच मूळ लहर नसून अनेक भटक्या लहरी असतात, असे अमेरिकेतील गॉर्डन मो यांनी १९५९ पासून मांडले. १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हाइसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या हृदयांत तारा घालून कंपास चेतविणारी ठिकाणे शोधली. त्यांतील ९४ टक्के ठिकाणे फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांत निघाली. लुईस यांनी उजवीकडच्या महाशिरांपाशी शोध घेतला होता. ठिणग्या बहुधा डावीकडच्या शिरांतून पडत होत्या. तेव्हापासून मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन त्या शिरांच्या मुखांभोवती उष्णतेने वा अतिशीत स्पर्शाने डाग देण्याचा उपचार रूढ झाला आहे. परंतु ज्यांचा कंप जुना झालेला असतो, अशा सर्वांस त्याने गुण येत नाही. म्हणून अनेक तारांची टोपली हृदयात उघडून फिरते भोवरे शोधण्याचे प्रयत्न झाले. २०१२ मध्ये त्यांनी मोठी आशा उत्पन्न केली; पुढील चाचण्यांत सर्वांस सारखे यश आले नाही, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे पुरे उत्तर आमच्याजवळ नाही. पण त्याचा प्रश्न योग्य होता, एवढे आम्ही त्यास निश्चितपणे सांगितले. भोवरा हटवावयाचा तर सारी नदी काठीने झोडपून उपयोग नाही; तो कोणत्या खांबापाशी आहे हे पाहिले पाहिजे. हा प्रश्न हृदयास प्रथम चिकाटीने विचारला तो लुईस यांनी. उत्तरातील काही भाग पुढच्यांनी दुरुस्त केला. त्या दुरुस्तीचे मापनसुद्धा लुईस यांनी घालून दिलेल्या रीतीनेच झाले.

त्या मुलाच्या आजी आता बऱ्या आहेत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रोज औषध घ्यावे लागते, आणि ते वेळेवर देण्याचे काम नातवाने आपल्याकडे घेतले आहे. मित्रहो, नाडी पाहण्यास यंत्र लागत नाही. तीन बोटे, एक घड्याळ आणि एक मिनिट पुरते. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांपाशी बसा व त्यांच्या मनगटावर बोटे ठेवा. ठोके तालात नसतील, तर आम्ही एकदा केली ती चूक तुम्ही करू नका. वयोमान म्हणून सोडून न देता वडिलांस सांगा आणि आजी-आजोबांस डॉक्टरांकडे न्या.